आधी चिंचोके, मग टॅबलेट

आज पदवी घेणाऱ्या माझ्या मुलामुलींनो,

तुमच्यात अभियंते आहेत, वाणिज्य आणि विज्ञानाचे पदवीधर आहेत, वकील आहेत, बी.एड. आणि एम.एड. झालेले भावी शिक्षक आहेत. अशा सभेपुढे मी आज पहिली ते पाचवीच्या वर्गाबद्दल बोलणार आहे. विद्यापीठाच्या दीक्षान्त समारंभात प्राथमिक शाळेचा विषय कशाला, असं कुणाला वाटेल. माझं उत्तर सरळ आहे. या मंडपात बसलेला प्रत्येक जण वाचायला आणि हिशोब करायला कुठल्या तरी गावच्या पहिल्या-दुसरीच्या वर्गात शिकला. त्या वर्गात जे बिघडतं ते पुढे विद्यापीठालाही दुरुस्त करता येत नाही. मी अनेक वर्षं शिक्षक घडवण्याचं काम केलं, आणि माझी ही खात्री वर्षागणिक पक्की होत गेली.

११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की बी.एड. ही प्राथमिक वर्गांच्या शिक्षकासाठीची पात्रता नव्हे; तिथे डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षणाची पदविकाच हवी. या निकालाने अनेकांच्या नोकरीच्या आशा मावळल्या, आणि त्यांचं दुःख मला कळतं. तरीही त्या निकालातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. सहा वर्षांच्या लेकराला शिकवणं हे स्वतंत्र कसब आहे, ते मोठ्यांना शिकवण्याची सोपी आवृत्ती नाही, हे देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने मान्य केलं. आपल्या समाजाला हे अजून पटलेलं नाही. ‘पहिलीलाच तर शिकवायचं आहे’ हे वाक्य आपण सर्रास ऐकतो. पहिलीला शिकवणं हे सगळ्यांत अवघड शिकवणं आहे, कारण तिथे मूल ऐकून शिकत नाही. ते करून शिकतं, हाताळून शिकतं, खेळून शिकतं.

आपलं विद्यापीठ १ मे १९८३ ला सुरू झालं आणि आज ते संत गाडगेबाबांचं नाव धारण करतं. बाबांचा जन्म याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा, २३ फेब्रुवारी १८७६ चा. त्यांना शाळा मिळाली नाही. पण त्यांच्या कीर्तनाची रीत आठवून पाहा. ते उपदेश करत बसत नसत. समोरच्या शेतकऱ्याला, मजुराला, बाईमाणसाला प्रश्न विचारायचे, उत्तर येईपर्यंत थांबायचे आणि त्या उत्तराच्याच आधाराने पुढचा प्रश्न टाकायचे. हजारोंचा जमाव एका आवाजात उत्तर द्यायचा. शेवटी जो निष्कर्ष निघायचा तो लोकांच्याच तोंडून निघालेला असायचा, म्हणून तो घरापर्यंत टिकायचा. त्यांच्या अखेरच्या काळातलं एक कीर्तन ध्वनिमुद्रित झालेलं आहे. शिक्षक होणाऱ्यांनी ते जरूर ऐकावं. प्रश्न विचारल्यावर किती वेळ थांबायचं, हे त्यातून शिकावं. आपल्या वर्गांत प्रश्न विचारला जातो आणि श्वास घेण्याच्या आत शिक्षकच उत्तर सांगून मोकळा होतो.

सक्रिय अध्ययन म्हणतात ते हेच. मूल वर्गात काय करतं, काय बोलतं, काय विचारतं, यावर शिकणं ठरतं. शिक्षक किती बोलला यावर नाही.

आता खेळाकडे येते. ज्या शहरात आपण जमलो आहोत त्या अमरावतीला खेळाचं महत्त्व सांगावं लागू नये. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली इथे उभं राहिलं आणि १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे कबड्डीसारखे आपले देशी खेळ करून दाखवले. पण शाळेत काय होतं? परीक्षा जवळ आली की खेळाचा तास गणिताला जातो. खेळ म्हणजे अभ्यास संपल्यावर मिळणारं बक्षीस, अशी आपली समजूत आहे. लहान मुलांच्या बाबतीत ती समजूत चुकीची आहे आणि तिने पिढ्यांचं नुकसान केलं आहे. पाच-सात वर्षांच्या मुलाचा खेळ हाच त्याचा अभ्यास असतो.

आपल्याकडे हे सर्वांत आधी ओळखणाऱ्यांत ताराबाई मोडक होत्या. लग्नानंतर काही वर्षं त्या अमरावतीत राहिल्या, हे आज इथल्याही फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. पुढे भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी काम केलं, १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला, १९४५ ला त्या बोर्डीला गेल्या आणि १९५७ ला अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर. मॉन्टेसोरी पद्धतीची साधनं सुंदर होती पण महाग होती. वारली पाड्यावर ती परवडणारी नव्हती. ताराबाईंनी शिंपले, बिया, पानं, खडे, काड्या यांतून तीच साधनं उभी केली. मूल शाळेत येत नाही म्हणून शाळाच मुलाच्या अंगणात नेली आणि तिला अंगणवाडी म्हटलं. आज देशभर गावोगावी पोचलेली ही गोष्ट मराठी शिक्षिकेच्या डोक्यातून निघाली. त्यांना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं. पण त्यांच्या कामाचा गाभा आपण पुरेसा उचलला नाही. साधन मुलाच्या परिसरातलं हवं आणि ते मुलाच्या हातात हवं, हा तो गाभा.

वऱ्हाडातल्या खेळांत किती अभ्यास दडला आहे, याचं एक उदाहरण जरा सविस्तर सांगते. अष्टाचंगा तुम्ही सगळे खेळला आहात. काही गावांत त्याला चंफुल म्हणतात. चार कवड्या घ्यायच्या, किंवा दोन चिंचोके मधोमध फोडून त्यांच्या चार फाकी घ्यायच्या. फेकायच्या. एक पांढरी बाजू वर आली तर एक, दोन आल्या तर दोन, तीन आल्या तर तीन, चारही आल्या तर चार म्हणजे चंगा, आणि एकही आली नाही तर आठ, म्हणजे अष्टा. चंगा किंवा अष्टा पडला की पुन्हा फेकायला मिळतं. आता हाच खेळ तिसरी-चौथीच्या वर्गात घ्या. वीस मुलं आहेत. प्रत्येकाने पन्नास वेळा फेकायचं आणि काय पडलं त्याच्या ताळ्याच्या खुणा वहीत करायच्या. पन्नास फेका होईपर्यंत मुलं आपणहून बोलू लागतात. दोन फार वेळा पडतात. अष्टा काही पडता पडत नाही. ‘काहून असं?’ कुणीतरी विचारतंच. तिथे शिक्षकाने गप्प राहायचं. मुलांनी चार फाकी जमिनीवर मांडून बघायच्या, किती वेगवेगळ्या तऱ्हांनी त्या पडू शकतात. मांडत गेलं की एकूण सोळा तऱ्हा निघतात. त्यांत दोन पांढऱ्या येण्याच्या सहा, एक येण्याच्या चार, तीन येण्याच्या चार, आणि चारही किंवा एकही नाही अशी प्रत्येकी एकच. ज्या कुणा अज्ञात माणसाने हा खेळ रचला त्याने दुर्मीळ दानालाच सर्वांत मोठं मोल दिलं. त्याला शक्यतेचं गणित हाताने माहीत होतं. आपली मुलं ते बारावीत सूत्र पाठ करून शिकतात आणि विसरतात.

टॅबलेट इथे, या टप्प्यावर वर्गात आणायचा. वीस मुलांच्या पन्नास-पन्नास फेका म्हणजे हजार नोंदी झाल्या. त्या तक्त्यात भरल्या की क्षणात आलेख दिसतो. वहीतल्या बारीक रेघांचे उंच-ठेंगणे खांब होतात. दर्यापूरच्या शाळेने कवड्या वापरल्या आणि अकोटच्या शाळेने चिंचोके, तर दोन्ही आलेख एकमेकींना पाठवता येतात. कवडीचा आलेख हिशोबापेक्षा वेगळा येईल, कारण कवडीच्या दोन्ही बाजू सारख्या नसतात. चिंचोक्याचाही अगदी हिशोबाबरहुकूम येणार नाही. का, यावर दोन गावची पोरं मोबाईलवरून एकमेकांशी बोलतील. हे काम फळ्याला जमणारं नाही, ते तंत्रज्ञानच करू शकतं. पण आधी हजार वेळा हात हलले म्हणून त्या आलेखाला अर्थ आहे. तोच तयार आलेख पडद्यावर आधीच दाखवला असता तर मुलांनी बघितला असता आणि सोडून दिला असता.

भुलाबाईचंही तसंच आहे. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत आपल्याकडे मुली भुलाबाईची गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेला खाऊ ओळखतात. डबा वाजवून बघायचा, गोड की तिखट विचारायचं, एकेक शक्यता काढून टाकत उत्तरावर यायचं. हा अनुमान करण्याचा शुद्ध पाठ आहे. विज्ञानाच्या तासाला तो आणायला काय हरकत आहे? आणि त्यात मुलगेही बसले पाहिजेत.

परिसराचं एक उदाहरण आपल्या पूर्णेच्या खोऱ्यातलं. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांचा मोठा पट्टा खारपाणपट्टा आहे. तिथल्या मुलांना ‘पाणी क्षारयुक्त असते’ हे पुस्तकातून वाचायला लावणं मला अन्यायाचं वाटतं. ती मुलं ते पाणी रोज चाखतात. चौथीच्या मुलांनी गावातल्या चार विहिरींचं आणि नळाचं पाणी सारख्या ताटल्यांत सारखं मोजून उन्हात ठेवावं. आपलं ऊन यासाठी तरी कामी येऊ दे. पाणी आटल्यावर मागे राहिलेल्या पांढऱ्या थराची तुलना करावी, रोज एकाच वेळी फोटो घ्यावा, गावाच्या नकाशावर विहिरी मांडाव्यात. कृषी विद्यापीठ अकोल्यालाच आहे. तिथल्या माणसांना हे फोटो पाठवून मुलांनीच प्रश्न विचारावेत.

महाराष्ट्राने या दिशेने काही केलं नाही असं नाही. साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावाद जिल्हा परिषदेच्या साध्या शाळांत उतरवला. मुलं फरशीवर आखलेल्या चौकटींत बसून, दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधून, गटात बोलून शिकू लागली. राज्यभरातून शिक्षक ते बघायला गेले. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम आला. ठाणे जिल्ह्यातल्या पाष्टेपाड्याला संदीप गुंड यांनी छोट्या शाळेत डिजिटल शिक्षण आणलं. मला या सगळ्याचा अभिमान आहे. पण कुमठ्याचं अनुकरण करताना अनेक ठिकाणी फरशी आणि भिंती रंगल्या, मुलांचं बोलणं मात्र वाढलं नाही. रंग लवकर पोचतो. रीत पोचवायला शिक्षकाजवळ बसावं लागतं, त्याचा वर्ग बघावा लागतो, त्याच्याशी पुन्हा पुन्हा बोलावं लागतं. हे काम आपल्या जिल्हा प्रशिक्षण संस्थांनी आणि या विद्यापीठातल्या शिक्षणशास्त्र विभागाने अंगावर घ्यावं, अशी माझी जाहीर विनंती आहे.

नुसती उपकरणं वाटून काय होतं याचा धडा पेरू देशाने घेतला. तिथल्या सरकारने मुलांना आठ लाखांहून अधिक लॅपटॉप दिले. ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांच्या पाहणीत, २०१२ मध्ये, भाषा आणि गणिताच्या गुणांत काही सुधारणा आढळली नाही. उलट दिल्लीत माइंडस्पार्क या संगणकीय कार्यक्रमाचा अभ्यास झाला. त्यात प्रत्येक मुलाला त्याच्या स्वतःच्या पातळीवरचा प्रश्न मिळत होता आणि सोबत शिक्षकही होता. साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत ठळक प्रगती दिसली. दोन्हीकडे यंत्रं होती. फरक मुलाला काय करायला मिळालं याचा होता. युनेस्कोने २०२३ चा आपला जागतिक शिक्षण अहवाल याच प्रश्नाला वाहिला: शिक्षणातलं तंत्रज्ञान कुणाच्या अटीवर चालावं. माझ्या मते ते सात वर्षांच्या मुलाच्या अटीवर चालावं.

यंत्र नीट वापरलं तर एकतर्फी माध्यमसुद्धा मुलाला हलवू शकतं. २०२० च्या जुलैत शाळा बंद असताना दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. तिच्यात घरातल्या वस्तू घेऊन करायच्या कृती होत्या. बघणाऱ्या मुलाला उठून काहीतरी शोधावं, मोजावं, बनवावं लागे. ज्या घरात स्मार्टफोन नव्हता पण टीव्ही होता तिथे ती पोचली. खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांनी तर काडीपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांतून भूमिती शिकवली, आणि ती खेळणी कशी करायची हे महाजालावर सगळ्यांना फुकट दिलं. कचऱ्यातलं खेळणं आणि महाजाल यांचा इतका सुरेख मेळ मी दुसरीकडे पाहिला नाही.

आता मेळघाटाकडे. धारणी आणि चिखलदऱ्याच्या शाळांत येणारं कोरकू मूल घरी जी भाषा बोलतं ती मुंडा कुळातली आहे, मराठीशी तिचं नातं नाही. पहिल्या दिवशी त्याला शाळेतलं काहीच कळत नाही. आपण म्हणतो, मूल लाजतं. ते लाजत नाही, त्याला भाषा कळत नाही. २०१६ मध्ये धारणी तालुक्यातलं हरिसाल मायक्रोसॉफ्टच्या सहकार्याने देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून पुढे आलं, याचा आपल्याला आनंद झाला. पण इंटरनेटवरून येणारा धडाही मराठीत किंवा इंग्रजीतच असेल तर त्या मुलासाठी अंतर तेवढंच राहतं. सोलापूरच्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना २०२० चं ग्लोबल टीचर प्राइज मिळालं ते पुस्तकातल्या क्यूआर कोडसाठी, असं सगळे सांगतात. पुरस्कार जाहीर करताना त्याआधीची एक गोष्टही सांगितली गेली होती: त्यांच्या वर्गातल्या मुलांची भाषा कन्नड होती, आणि त्यांनी पुस्तकं त्या भाषेत नेली. कोड नंतर आला. मेळघाटातल्या शिक्षकाच्या खिशात फोन आहे. गावातल्या आजीची कोरकू गोष्ट त्यावर ध्वनिमुद्रित करा, वर्गात ऐकवा, मुलांना तिची चित्रं काढू द्या, गोष्ट आपल्या भाषेत पुन्हा सांगू द्या, मग त्या चित्रांखाली मराठी शब्द येऊ द्या. याला नेटवर्कही लागत नाही.

शिक्षकांच्या बाजूने एक गोष्ट बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. आज तंत्रज्ञान शाळेत सर्वांत जास्त वापरलं जातं ते माहिती भरायला आणि फोटो चढवायला. दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग सांभाळणारी बाई दुपारचा अर्धा वेळ फोनमध्ये डोकं घालून बसते, आणि तो वेळ मुलांचा असतो. सरकारला माझं सांगणं आहे: खेळण्यांची पेटी द्याल तेवढाच शिक्षकाला वेळही द्या. केंद्राच्या ‘निपुण भारत’ अभियानाने २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं असं ठरवलं आहे. २०२३ मध्ये तीन ते आठ वयाच्या मुलांसाठी कोडी, बाहुल्या, खेळण्यांचा ‘जादुई पिटारा’ आला. पण साहित्य मोडेल, हरवेल, लेखापरीक्षणात विचारतील या धास्तीने अशा पेट्या कपाटात कुलूपबंद राहतात. मोडलेलं खेळणं हे ते वापरलं गेल्याचा पुरावा समजा, असा एका ओळीचा आदेश निघाला तर अनेक कपाटं उघडतील.

आणि आता तुम्ही. अकोल्याच्या काजल राजवैद्य या तरुण अभियंतीने आपल्याच शहरातल्या मनुताई कन्या शाळेच्या मुलींना रोबोटिक्स शिकवलं आणि कष्टकरी घरांतल्या त्या मुली फर्स्ट लेगो लीगसारख्या स्पर्धेत उतरल्या. अभियांत्रिकीच्या पदवीधरांनो, असं काही करायला मोठी कंपनी लागत नाही. संगणकशास्त्राच्या मुलांनो, वऱ्हाडी आणि कोरकूत बोलणारा एखादा साधा खेळ तयार करा, जो जुन्या फोनवर नेटवर्कशिवाय चालेल. बी.एड. झालेल्यांनो, तुमच्याकडे सहावीला येणारं मूल खालून काय घेऊन येतं हे बघायला खालच्या वर्गात जाऊन बसा. आणि तुमच्यातले बरेच जण काही वर्षांत आईबाप होतील. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. त्या जागेवर बसा, सही करून उठू नका. मुलाने आज किती पानं लिहिली हे विचारण्याऐवजी आज वर्गात त्याने काय करून पाहिलं ते विचारा.

राज्यात २०२४ पासून पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ ठरवून दिलेला आहे. तो दिवस अनेक शाळांत रिकामा जातो, कारण काय करायचं हे सुचवणारं कुणी नसतं. तुमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत एखाद्या शनिवारी जा. मुख्याध्यापकांची परवानगी घ्या, मूठभर चिंचोके बरोबर न्या आणि मुलांबरोबर जमिनीवर बसून एक डाव मांडा. फोन खिशातच राहू द्या. मुलांनी स्वतःहून काही विचारलं आणि त्याच्या उत्तरासाठी तो लागला, तरच काढा.